दोन विशेषणं, 31 डायऱ्या आणि एक छापील पान

माझ्या मैत्रिणीचे वडील गेले, त्यानंतर दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. म्हणाली स्मरणसभा ठेवलीये, दहा दिवस आहेत हातात, एक पान छापायचंय आणि मला पाच मिनिटं बोलायचंय, मी लिहिलंय पण ते कुणाच्याही बाबांचं वाटतंय, तू जरा बघ ना. मी लोकांची असली पानं गेली काही वर्षं नीट करून देते, धंदा म्हणून नाही, कुणीतरी कुणाला सांगतं आणि येतात लोक. बहुतेक वेळा दोन संध्याकाळी काम संपतं. हे नऊ दिवस चाललं आणि त्यात माझ्याही चुका झाल्या, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. घरच्यांची परवानगी घेतलीये, नाव कुणाचंच देणार नाही. काका, काकू, मोठी (ही माझी मैत्रीण), मधला, धाकटा, एवढ्यावर भागवू.

तिचा मसुदा साधारण 300 शब्दांचा होता. कुटुंबवत्सल, यशस्वी उद्योजक, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, सगळ्यांना जीव लावणारे, अडीअडचणीला धावून जाणारे. अशा वेळी मी एक करून बघते, वरचं नाव हाताने झाकायचं आणि विचारायचं की हे पान अजून किती जणांना चालेल. हे माझ्या वडिलांना बिनदिक्कत चाललं असतं, आणि माझ्या वडिलांनी जन्मभर पगारी नोकरी केली, उद्योजक शब्द ऐकला तरी ते घाबरायचे.

माहिती थोडक्यात अशी. काकांचा कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना, म्हणजे आपण ज्याला पुठ्ठ्याचे खोके म्हणतो ते. 29 व्या वर्षी सुरू केला, 71 व्या वर्षी गेले. 42 वर्षांतले शेवटचे 7 महिने आजारपणात, तेव्हाही फोनवर डिस्पॅच, म्हणजे माल निघाला का ते, विचारायचे. सख्खा भाऊ पहिली 11 वर्षं भागीदार होता, मग वेगळा झाला. मोठी शिक्षिका, मधला कारखान्यात, धाकटा परदेशात. काकू घरी. हे "काकू घरी" मी पहिल्या दिवशी वहीत असंच लिहिलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

मोठीने मसुदा घरच्या ग्रुपवर टाकला आणि धाकट्याने एकच ओळ लिहिली, "कुटुंबवत्सल? कुठल्या कुटुंबाबद्दल बोलतोय आपण?" त्यावर मधला भडकला, तू होतास का इथे शेवटचे सात महिने वगैरे वगैरे, आणि मग दोन दिवस ग्रुपवर कुणी काही बोललंच नाही. मैत्रिणीला वाटत होतं की पान बिघडलं. माझं उलटं मत होतं. इतक्या दिवसांत काकांबद्दल कुणी खरं असं पहिलं वाक्य बोललं होतं, तेही चिडून. विशेषण काढून तो एक शब्द तपासायला घ्यायचा असं मी ठरवलं. कुटुंबवत्सल होते का, आणि होते तर ते कशावरून.

आता माझी पहिली चूक. तिघा भावंडांना मी एकत्र व्हिडिओ कॉलवर घेतलं, म्हणलं बोला. मधल्याने किस्सा सांगितला, पहिलं मशीन ऐन ऑर्डरच्या वेळी बंद पडलं तेव्हा काका आणि भाऊ रात्रभर ते उघडून बसले होते आणि काकू कंदील धरून उभ्या होत्या. पाऊण तासाने तिघंही तो प्रसंग डोळ्यासमोर घडल्यासारखा सांगत होते, कंदिलाची काच तडकलेली होती इथपर्यंत. धाकट्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता! हे काही खोटं बोलणं नाही, माणसाची आठवण अशीच चालते. गॅबर्ट, मेमन आणि ॲलन यांचा 2003 चा प्रयोग आहे, जोडीतल्या दोघांना एकाच घटनेचे वेगवेगळ्या कोनातून घेतलेले व्हिडिओ दाखवले, दोघांना वाटलं आपण एकच बघितलाय, मग त्यावर गप्पा मारायला दिल्या. नंतर विचारलं तर गप्पा मारलेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी स्वतःच्या व्हिडिओत नसलेली निदान एक तरी गोष्ट "पाहिली" म्हणून सांगितली. मला हे माहीत होतं तरी घाईत एकत्र बसवलं. कंदील आता कायमचा गेला, तो कुणाचा होता ते आता कळणार नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेकट्याशी बोलले.

एकेकटं बोलताना पण एक झालं, सगळे सुरुवात हॉस्पिटलपासून करायचे. सात महिने बेचाळीस वर्षांवर बसले होते. थंड पाण्यात हात बुडवायचा तो 1993 चा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, कानेमान आणि मंडळींचा. एकदा 60 सेकंद 14 अंशाच्या पाण्यात, एकदा तेच 60 सेकंद आणि वर अजून 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांवर नेलं. यातलं पुन्हा कुठलं करशील विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलंच निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. किती वेळ त्रास झाला ते मन मोजत नाही, टोकाचा क्षण धरतं आणि शेवट धरतं. इथे शेवट वाईट होता त्यामुळे आधीच्या सगळ्यावर त्याचाच रंग चढला होता. मग मी नियम केला, हॉस्पिटल शेवटी, आधी मला सांगा तुम्ही बारा वर्षांचे असताना काका संध्याकाळी दारातून आत आले की हातात काय असायचं. मोठी म्हणाली हातात नाही, शर्टाला, कागदाचा भुगा. मधला म्हणाला भुगा. धाकटा म्हणाला भुगा, आणि आई दारातच झटकायची. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे तीन जण एकच बोलले तेव्हा तो भुगा मी पानात घेतला.

कारखान्यातले डिस्पॅचचे सुपरवायझर, सगळे त्यांना दादा म्हणतात, 19 व्या वर्षी आले आणि 34 वर्षं तिथेच आहेत. माणूस सोन्यासारखा, बोलायला लागला की थांबत नाही. पण दोन तासांच्या गप्पांत सगळे किस्से त्यांच्या स्वतःच्या पहिल्या आठ-नऊ वर्षांतले. थ्री प्लायचं, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचं पहिलं मोठं काम, चिकटवायची खळ सुकत नव्हती तेव्हा काकांनी स्वतः स्टार्च ढवळला, दमट हवेत ठेवलेले खोके थप्पीत दबून बसले तेव्हा चूक गिऱ्हाइकाच्या गोदामाची असूनही सगळा माल परत घेऊन क्रेडिट नोट दिली. मी विचारलं गेल्या पंधरा वर्षांतलं काही सांगा ना, तर म्हणाले "ते काय, रोजचंच." हे पण ओळखीचं आहे. माणूस साठीकडे झुकला की त्याला स्वतःच्या साधारण 10 ते 30 या वयातलं जास्त आठवतं, रुबिन वगैरे लोकांनी 1986 मध्ये आकडे मांडून दाखवलं होतं, त्याला आठवणींचा उंचवटा म्हणू. दादांना आठवत होता तो काकांचा ऐन काळ नव्हता, दादांचा स्वतःचा होता. अशी चार माणसं साक्षीला घेतली तर मेलेल्या माणसाची पन्नाशी-साठी आख्खी गायब होते, आणि मग पानावर कायम एक चाळिशीतला धडपड्या तरुणच उरतो. स्मरणसभेच्या बऱ्याच पानांत मला हाच माणूस दिसतो.

ही गायब वर्षं कुठे मिळणार म्हणून मी मधल्याला विचारलं कागद काय काय आहेत. तो म्हणाला बिलं, लेजर, बँकेच्या फायली, आणि हो बाबांच्या डायऱ्या, पण त्यात काही नाही, फक्त कामाचं आहे.

31 डायऱ्या होत्या. बाकीच्या वर्षांच्या भिजून गेल्या असाव्यात. ऑफिसच्या साध्या, एका दिवसाला एक पान वाल्या. मधला म्हणाला त्यात खोटं नव्हतं, कामाचंच होतं सगळं. पण मी एक अख्खं वर्ष सलग वाचलं आणि माझी बसायची जागा बदलली, म्हणजे टेबलावरून उठून जमिनीवर पसरून बसले. नमुन्याला काही नोंदी देते (रील म्हणजे कागदाचं भेंडोळं, जीएसएम म्हणजे त्या कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन):

"रील 2 टन आले, जीएसएम कमी वाटतो, तपासणे. मोठीला ताप 101."
"वसुलीला गेलो, नाही मिळाले. तिचे डोळे तपासायचे राहिले."
"कटर ब्लेड. मधल्याची फी. ब्लेड."

एकाच ओळीत, एकाच पेनने, मध्ये साधी रेघही नाही. लोक म्हणतात ना की फलाणा माणूस घर आणि धंदा दोन्ही सांभाळायचा, काकांच्या डायरीत दोन्ही असं काही नव्हतंच. मोठीचा ताप आणि रीलचा जीएसएम एकाच यादीत, दोन्ही तपासणे. ही गोष्ट चांगली की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या पोराच्या फीच्या दोन्ही बाजूंना ब्लेड लिहिलंय त्याला विचारावं.

धाकट्याच्या त्या ओळीचं कारण मला त्यानेच सांगितलं, फोनवर, खूप आढेवेढे घेऊन. तो तेरा वर्षांचा असताना पोहण्याच्या स्पर्धेच्या फायनलला काका येणार होते आणि आले नाहीत. एवढंच. तो म्हणाला मला माहितीये हे ऐकायला पोरकट वाटतं. मी तारीख विचारली, त्याला दिवस-महिना तोंडपाठ. डायरी काढली. मनातून मला वाटत होतं की आत काहीतरी निघेल, म्हणजे काका उशिरा आले होते आणि लांबून बघून गेले वगैरे, असलं काहीतरी मिळालं असतं तर पान झकास झालं असतं. डायरीत होतं: "धाकट्याची रेस. गेलो नाही. मशीन." बस. पोराची आठवण शंभर टक्के बरोबर होती.

पण मी पुढची पानं उलटत राहिले. तीन आठवड्यांनी एक नोंद, "शनिवार डिस्पॅच बंद. शुक्रवारी करणे. गिऱ्हाइकाला सांगणे मेंटेनन्स." आणि त्यानंतर शनिवारच्या पानांवर माल गेल्याची नोंद जवळजवळ नाहीच, त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही, शेवटपर्यंत. दादांना परत फोन केला. म्हणाले हो तर, शनिवारी दुपारनंतर आपल्याकडे कधीच काम नसतं, मेंटेनन्स असतो. मी विचारलं मेंटेनन्सला कोण येतं हो. दादा जरा थांबले आणि म्हणाले, "तसं कोणी येत नाही." इतकी वर्षं शनिवारची सुट्टी मिळतेय आणि ती का मिळतेय हे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. घरातही नव्हतं.

हे धाकट्याला सांगायचं की नाही यावर मैत्रीण आणि मी बराच वेळ बोललो. शेवटी डायरीच्या पानाचा फोटोच पाठवला, वर काही लिहिलं नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, "शनिवारी घरी असायचे हे खरं आहे. पण हिशेब करत बसायचे." मग दहा मिनिटांनी अजून एक, "हॉलमध्ये. आमच्यात." मी ही दोन्ही वाक्यं पानात घेतली, त्याच्या नावाने, त्याला विचारून. मधल्याला दुसरं वाक्य चालत होतं, पहिलं नको होतं. मी म्हणलं मग दोन्ही काढू. राहिली दोन्ही.

आता काकू. घरच्या धंद्यांचा अभ्यास करणारे लोक एक साधी आकृती वापरतात, टागिउरी आणि डेव्हिस या दोघांनी हार्वर्डमध्ये 1978 च्या सुमाराला काढलेली. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं, एक कुटुंब, एक मालकी, एक धंदा. प्रत्येक माणूस कुठल्या वर्तुळात बसतो बघायचं, आणि भांडण का होतं ते बहुतेक वेळा लगेच दिसतं, कारण प्रत्येक जण आपल्या वर्तुळातून बोलत असतो. मी विरंगुळा म्हणून या घराची आकृती काढली. मधला कुटुंबात आणि धंद्यात, मालकी नावापुरती. मोठी आणि धाकटा फक्त कुटुंबात. दादा फक्त धंद्यात, जरी ते तसं मानत नसले तरी. काकांचे भाऊ आधी तिन्हीत, नंतर फक्त कुटुंबात, तेही मोठ्या मुश्किलीने. काकूंना मी कुटुंबात टाकलं आणि बँकेच्या फायली उघडल्या.

काकू 50 टक्क्यांच्या भागीदार होत्या, पहिल्या दिवसापासून. प्रत्येक कर्जाला जामीनदार काकू. घर काकूंच्या माहेरच्या पैशातून घेतलेलं आणि त्यांच्याच नावावर, आणि ते घर दोन वेळा गहाण पडलेलं, दोन्ही वेळा सगळ्या पानांवर सही काकूंची, तीच ती शाळकरी गोल अक्षरातली. आणि आमच्या मसुद्यात काकूंबद्दल एवढंच होतं की त्यांनी "खंबीर साथ दिली." साथ! कर्ज बुडीत गेलं असतं तर बँक पहिली यांच्या दारात आली असती. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण नऊपैकी पाच दिवस मी सगळ्यांशी बोलले होते, कामगारांशी, पोरांशी, डायऱ्यांशी, आणि काकूंशी एकटीने एकदाही नाही, त्यांना त्रास नको म्हणून. त्रास नको हे नेहमीचं कारण असतं.

सहाव्या दिवशी गेले. विचारलं काकू, सही करताना काय वाटायचं. त्या म्हणाल्या, "काय वाटायचं, पेन देताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. दुसऱ्या खेपेला मी म्हणलं आधी बघा इकडे, मग करते सही." बघितलं का, मी विचारलं. "बघितलं. वेळ लागला जरा." यावर त्या हसल्या, मीही हसले, आणि वहीत लिहायला मी विसरले, हे घरी येऊन आठवून लिहिलंय, शब्द इकडे तिकडे असतील.

कुटुंबवत्सल या शब्दात मला जे खुपत होतं ते इथे सापडलं. त्या शब्दात माणूस देणारा असतो आणि घर घेणारं. या घरात बेचाळीस वर्षं घरानेही दिलं, छप्पर दिलं, शनिवार उशिरा मिळाले ते घेतले, फायनल दिली. धाकट्याचा राग बाप आला नाही यावर कमी होता, तो आला नाही आणि वर आता त्याला वत्सल म्हणायचंय यावर जास्त होता.

भावाचा भाग पटकन सांगते कारण त्यातलं फारसं छापण्यासारखं नव्हतं. भाऊ म्हणाले त्याने मला बाहेर काढलं. मधला म्हणाला ते स्वतःच गेले. डायरीत त्या दिवशी "भाऊ गेला. बरं झालं." आणि दुसऱ्या दिवशी "बरं नाही झालं." आणि तिसऱ्या दिवशी रील. मी हे भावाला वाचून दाखवलं नाही, मोठीने दाखवलं, आणि तिने मला एवढंच कळवलं की ते सभेला येणार आहेत, पण बोलणार नाहीत. पानात त्यांचं नाव पहिल्या 11 वर्षांचे भागीदार म्हणून आलं, वाद नाही, कारण नाही, फक्त वर्षं. आधीच्या मसुद्यात ते अजिबातच नव्हते.

शेवटी जे पान झालं त्यात एकही विशेषण नव्हतं, असा काही माझा हट्ट नव्हता, जागाच उरली नाही. सुरुवात अशी होती: "बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा शर्टावर कागदाचा भुगा असायचा आणि आई तो दारातच झटकायची. कारखाना त्या दोघांचा होता, अर्धा अर्धा, कागदोपत्रीसुद्धा. त्यासाठी हे घर दोनदा गहाण पडलं आणि दोन्ही वेळा सही आईची होती." मग 11 वर्षं आणि भाऊ, मग क्रेडिट नोटचा किस्सा दादांच्या शब्दांत, मग रेस, शनिवार, धाकट्याची दोन वाक्यं. आजारपणाला एक ओळ. यशस्वी उद्योजक कुठेच नाही पण 42 वर्षं आणि कामगारांचा आकडा आहे, तेवढं पुरे. एका नातेवाइकांनी आधी वाचायला मागितलं आणि म्हणाले गहाण-बिहाण कशाला, चार लोकांत. मोठीने त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण ती ओळ राहिली.

जे केलं नाही तेही सांगते. गिऱ्हाइकांना मी एकालाही फोन केला नाही, तीस-तीस वर्षं माल घेणारी माणसं होती, वेळ संपला. बाकीच्या 30 डायऱ्या मी चाळल्या, वाचल्या नाहीत, त्यामुळे शनिवारसारखं अजून काय काय पडलं असेल कुणास ठाऊक. आणि डायरी हा पुरावा म्हणून मी जरा जास्तच मानला, माणूस डायरीतही स्वतःला वाचवून लिहितो, "मशीन" हे कारण काकांनी लिहिलंय म्हणून मी घेतलं, त्या दिवशी मशीनला खरंच काय झालं होतं हे मी दादांना विचारायला हवं होतं.

पानं छापून आली 150. सभेच्या आदल्या संध्याकाळी मोठीने गठ्ठा घरी नेला आणि पहिली प्रत काकूंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, मधे थांबल्या नाहीत, मग पेन मागितलं आणि "दोनदा" खोडून वर "तीनदा" लिहिलं. बँकेच्या फायलीत दोनच आहेत गं, मोठी म्हणाली. काकू म्हणाल्या बँकेच्या फायलीत दोनच असणार. मग "दोन्ही वेळा" चं "तिन्ही वेळा" केलं आणि गठ्ठा पुढे ओढला.

रात्री साडेदहाला मैत्रिणीचा मेसेज आला की आम्ही 150 प्रतींवर हाताने दुरुस्ती करतोय, मधला खोडतोय आणि आई लिहितेय, धाकटा व्हिडिओवर आकडा मोजतोय, 87 झाल्या. मी विचारलं तिसऱ्यांदा कधी, कुणाकडे. ती म्हणाली विचारलं मी, आई म्हणतेय आधी एवढ्या होऊ देत.